जाड की पातळ: मामांच्या गाडीच्या ऑइलची नोंदवही

४ जानेवारी २०२५, ९६,२०० किमी

मामांची गाडी आजपासून माझ्याकडे. चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही, वय नऊ वर्षं. किल्लीबरोबर मामांनी आणखी तीन गोष्टी दिल्या: मॅन्युअल, सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी आणि डिकीत ठेवलेला २०डब्ल्यू-५० या जाड इंजिन ऑइलचा डबा. डबा देताना म्हणाले, "हेच घालत जा. जुनं इंजिन आहे, पातळ ऑइल पिऊन टाकतं."

दोन वर्षांपूर्वी ऑइल कमी होऊ लागलं तेव्हा एका गॅरेजात त्यांना हा उपाय सांगितला होता. तेव्हापासून तेच चालू आहे. ऑइल कमी होणं मात्र थांबलेलं नाही, हे मामांनी सहज बोलता बोलता सांगितलं.

सेल मारल्यावर पहिले तीन-चार सेकंद खडखड येते, मग इंजिन शांत होतं. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. ही वही त्यासाठीच सुरू करतोय. जे करीन ते किलोमीटरसकट लिहायचं, म्हणजे नंतर मामांशी वाद घालताना हातात काहीतरी असेल.

५ जानेवारी, ९६,२१० किमी

आधी मोजमाप. गाडी सपाट जागी लावली, इंजिन गरम करून बंद केलं, दहा मिनिटं थांबलो. न थांबता डिपस्टिक काढली की वर चढलेलं ऑइल अजून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरलेलं नसतं आणि पातळी खोटी दिसते. काठी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

मॅन्युअलप्रमाणे दोन खुणांमधलं अंतर ०.९ लिटर. मामांच्या डब्यातून लिटरभर घातलं तेव्हा काठी वरच्या खुणेला टेकली. एकूण ३.४ लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात लिटरभर नव्हतंच म्हणजे. आता हजार किलोमीटर काहीही न बदलता चालवायची. किती खातं ते कळल्याशिवाय ऑइल बदलण्यात अर्थ नाही.

७ जानेवारी, ९६,३०० किमी

मॅन्युअलमध्ये ऑइलला अर्धं पान आहे. ५डब्ल्यू-३०, एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएम किंवा त्यापुढचं. ते न मिळाल्यास १०डब्ल्यू-३०. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ऑइल ओतायच्या झाकणावरही ५डब्ल्यू-३० असं ठसठशीत कोरलेलं आहे. २०डब्ल्यू-५० कुठेच नाही.

दोन वर्षं झाकण उघडून त्याच झाकणाखाली दुसरंच काहीतरी ओतलं गेलं. मामांना दोष देत नाही. आपण डॉक्टरने सांगितलेलं औषध घेतो, पाकिटातला कागद कोण वाचतो?

१२ जानेवारी, ९६,५३० किमी

सुट्टीचा दिवस आकड्यांत गेला.

हे आकडे एसएई या संस्थेच्या जे-३०० नावाच्या तक्त्यातून येतात. त्याची पहिली आवृत्ती १९११ सालची. डब्ल्यू म्हणजे विंटर. माझी आजवरची समजूत अशी होती की ५डब्ल्यू-३० थंडीत '५' इतकं पातळ असतं आणि गरम झालं की '३०' इतकं जाड होतं. साफ चूक. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं. हे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे आहेत, एका पट्टीवरचे नाहीत.

पहिली परीक्षा थंडीतली. ५डब्ल्यू म्हणवून घ्यायचं तर उणे ३० अंशांना ऑइलची चिकटाई ६,६०० सेंटीपॉइजच्या आत हवी, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवू शकतो. २०डब्ल्यूची हीच परीक्षा उणे १५ ला होते. दुसरी परीक्षा १०० अंशांवरची: ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या (चिकटाईचंच दुसरं एकक) दरम्यान बसलं पाहिजे, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ च्या.

तापमानाबरोबर ऑइल किती बदलतं याचा वेगळा निर्देशांक आहे, व्हिस्कॉसिटी इंडेक्स. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस या दोघांनी तो मांडला. कमीत कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला त्यांनी १०० दिले आणि सर्वात जास्त बदलणाऱ्या गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. आजची चांगली ऑइलं शंभराची ती वेस सहज ओलांडतात. काही मूळ तेलाच्या जोरावर, काही त्यात मिसळलेल्या पॉलिमरच्या. पॉलिमरची गोम अशी की इंजिनात भरडून भरडून तो तुटतो आणि ऑइल हळूहळू आपल्या ग्रेडखाली उतरतं.

इथवर वाचून मनात आलं की आपल्याकडे काही उणे तीस होत नाही, मग डब्ल्यूचा आकडा घेऊन करायचं काय? मामाही नेमकं हेच विचारतील.

१३ जानेवारी

म्हणून प्रयोग केला. ५डब्ल्यू-३० चा नवा डबा आणून ठेवला होताच. बारीक तोंडाचं एकच नरसाळं, दोन्ही ऑइलं २०० मिली, हातात स्टॉपवॉच. खोलीत २५ अंश होते.

खोलीच्या तापमानाला ५डब्ल्यू-३० उतरायला २२ सेकंद लागले. २०डब्ल्यू-५० ला ६४.

मग दोन्ही बाटल्या आणि नरसाळं रात्रभर फ्रीजमध्ये. (घरच्यांचे शेरे इथे नोंदवत नाही.) फ्रीज ५ अंशांवर. सकाळी ५डब्ल्यू-३० ला १ मिनिट १० सेकंद, २०डब्ल्यू-५० ला ४ मिनिटं ४० सेकंद.

दोन आकडे शेजारी ठेवून बघत बसलो. फ्रीजमधलं ५डब्ल्यू-३० आणि खोलीतलं २०डब्ल्यू-५० जवळपास सारख्याच वेगाने वाहतात. म्हणजे मामांची गाडी साध्या उबदार सकाळीही फ्रीजमधून काढल्यासारखी सुरू होत होती. डब्ल्यूचा आकडा बर्फासाठी ठरवलेला असला तरी त्याचा परिणाम बर्फ नसतानाही दिसतो.

नरसाळं म्हणजे इंजिन नव्हे, हेही लिहून ठेवतो. नरसाळ्यात ऑइल आपल्या वजनाने उतरतं, इंजिनात पंप त्याला ढकलतो. ऑइल जाड असलं तरी पंप एका फेऱ्यात तेवढंच उचलतो. पण दाब फार चढला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही ऑइल वर न जाता चेंबरमध्ये परततं. फिल्टरचा बायपास उघडला तर वर जाणारं ऑइल न गाळता जातं. थंड इंजिनात जाड ऑइल घालण्याचा तोटा इथे होतो, आणि इंजिनाची झीज थंड सुरुवातीलाच जास्त होते.

१५ जानेवारी, ९६,६७० किमी

मामांची बाजूही नीट समजून घ्यावी म्हणून उलट प्रश्न घेतला: जाड ऑइलचा फायदा काय?

फिरणारा क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यात ऑइलचा पापुद्रा असतो, धातू धातूला लागत नाही. हे माणसाला कळलं त्याची गोष्ट मजेदार आहे. १८८३ च्या सुमारास ब्युशॅम्प टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल घालायला वरून भोक पाडलं, तर त्यातून ऑइल उलट वर येऊ लागलं. त्यांनी बुचाने भोक बंद केलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा लक्षात आलं की फिरणारा आस ऑइलला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं.

पापुद्रा किती जाड राहील हे ऑइलची चिकटाई, फिरण्याचा वेग आणि भार यांवर ठरतं. त्यामुळे तापलेल्या बेअरिंगमध्ये ५० ग्रेड जास्त जाड पापुद्रा देतं, हे खरंच आहे. त्याचीही परीक्षा आहे, १५० अंशांना आणि प्रचंड घासणीखाली. तिथे ३० ग्रेडला किमान २.९ मिळवावे लागतात, ५० ला ३.७. घासून घासून बेअरिंगची फट वाढलेल्या इंजिनाला जाड ऑइलने दाब मिळतो, हे गॅरेजवाले हवेत बोलत नाहीत.

पण आपल्या इंजिनाची फट वाढली आहे हे ठरवलं कोणी? तपासलंच नाही. वय बघून निदान झालं. शिवाय या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. बारीक वाटांतून ऑइल वेळेत पोचेल हे धरूनच तिची रचना केलेली असते. तिथे जाड ऑइल म्हणजे तिला उशिरा निरोप पोचवणं.

१९ जानेवारी, ९६,८६० किमी

आज एपीआयची अक्षरं. एस म्हणजे पेट्रोल, सी म्हणजे डिझेल. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं नवं: एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०. पेट्रोलमध्ये नवं अक्षर जुन्याची जागा घेतं, तेव्हा एसएम मागणाऱ्या गाडीला एसपी बिनधास्त चालतं. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीच्या, झिजेची परीक्षा वाढवली आहे. माझ्या इंजिनाला चेनच आहे, त्यामुळे ते कामाचं. एसपीचं दुसरं वैशिष्ट्य, कमी वेगात जोर लावताना होणारा अकाली स्फोट रोखणं, हे टर्बो आणि थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांसाठी आहे. मला लागू नाही.

डिकीतला डबा फिरवून पाहिला. मागच्या बाजूला एपीआय सीएफ-४, पेट्रोलचं अक्षरच नाही! मामा दोन वर्षं डिझेलचं ऑइल घालत होते. त्याने इंजिन लगेच बिघडतं असं नाही. पण झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये घालतात त्या जस्ताच्या संयुगात फॉस्फरस असतो आणि तो जळून सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जातो. म्हणूनच ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्याच्या आत ठेवायचा नियम आहे. जी गाडी ऑइल जाळतेच आहे तिला हे जास्त लागू.

डब्यावरचा 'सिंथेटिक' हा शब्द मी शेवटी बघायचं ठरवलंय. कच्च्या तेलावर हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून बनवलेलं तेलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं आणि रेणू जोडून बनवलेलं पीएओही. शब्द एक, आत दोन गोष्टी. ग्रेड आणि एपीआय जुळलं तर या इंजिनाला दोन्ही चालतील.

एक आगाऊ नोंद, कारण धाकटा भाऊ उरलेलं ऑइल मोटरसायकलला मागणारच: द्यायचं नाही. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांनी तो सुटू लागतो. तिथे डब्यावर जासो एमए हे मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक लिहिलेलं हवं.

२६ जानेवारी, ९७,२०० किमी

हजार किलोमीटर भरायला दहा कमी. त्याच जागी, तशीच दहा मिनिटं थांबून मोजलं. काठी दोन खुणांच्या बरोबर मध्ये. म्हणजे सुमारे ४५० मिली गेलं. जाड ऑइल असूनही.

ऑइल गेलं कुठे? पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर जोर लावताना निळा धूर दिसायला हवा. मागून कोणाला तरी गाडी चालवत यायला सांगून बघितलं, धूर नाही. व्हॉल्व्हची सीलं गेली असती तर रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सेल मारताच निळा भपकारा सोडला असता. तोही नाही. खाली जमिनीवर पुठ्ठा अंथरला, एकही थेंब नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगला मात्र ओल आहे, धूळ चिकटून काळी पट्टी झालेली.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. रिंगांच्या कडेने थोडा जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, त्याला परत इंजिनच्या श्वासात ओढून घेणारा हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह. कानाशी धरून हलवला की आतली गोळी खडखडली पाहिजे. हा मुका. चिकट्याने अडकलाय, आणि उघड्या स्थितीत. इनटेककडे जाणाऱ्या नळीत बोट घातलं तर ऑइलने माखून बाहेर आलं.

म्हणजे इंजिन दोन वर्षं स्वतःच्याच चेंबरमधून ऑइलची वाफ ओढून जाळत होतं. थोडं थोडं, धूर दिसणार नाही इतकं. ऑइलचा ग्रेड बदलून ते थांबणार कसं? मुठीत मावणाऱ्या या एका भागाकडे कोणी बघितलंच नाही, याचा राग आला. मग आठवलं, मीही तीन आठवडे तक्तेच वाचत होतो.

३० जानेवारी, ९७,३५० किमी

नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, नवं टॅपेट पॅकिंग. कव्हर उघडलं तेव्हा आत तपकिरी थर होता, पण खरवडून निघणारा गाळ नाही. फ्लश (इंजिन आतून धुणारं द्रव्य) घालायचा मोह झाला, टाळला. एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसला तर ऑइल वर चढणारच नाही. त्यापेक्षा चांगलं ऑइल घालून ते लवकर बदलायचं.

२ फेब्रुवारी, ९७,४८० किमी

ऑइल बदललं. ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी.

इंजिन कोमट करून, गाडी स्टँडवर घेऊन चेंबरचा नट सोडला. २.९ लिटर निघालं. नटाखालचा वॉशर नवा टाकला, नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या ३५ न्यूटन-मीटरवर. "अजून थोडा" म्हणून आवळण्याच्या सवयीनेच चेंबरचे आटे जातात.

फिल्टर काढताना फजिती होता होता वाचलो. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवा फिल्टर चढवला असता तर दोन रिंगा एकमेकींवर बसून सेल मारताच सगळं ऑइल बाहेर आलं असतं. फिल्टर काढला की तिथे बोट फिरवून बघायचं, हे कायमचं लिहून ठेवतो. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट लावलं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा.

जुना फिल्टर कापून पाहिला. धातूचा चुरा नाही, हे बरं झालं. आतली रबरी चकती, जी गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली पळू देत नाही, ती कडक होऊन वाकलेली. म्हणजे रोज सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागत होता.

३.३ लिटर घातलं, सुरू करून बंद केलं, थांबून काठी बघितली, उरलेलं थोडं घातलं. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे द्यायला ठेवलंय.

३ फेब्रुवारी

सकाळचा सेल. खडखड एका सेकंदात बंद.

श्रेय कोणाचं? पातळ ऑइलचं की नव्या फिल्टरच्या चकतीचं? दोन्ही एकाच दिवशी बदलल्यामुळे आता सांगता येणार नाही. आधी नुसता फिल्टर बदलून आठवडा काढायला हवा होता. प्रयोग म्हणून कच्चा, गाडी म्हणून पक्का.

२३ फेब्रुवारी, ९८,४९० किमी

हजार किलोमीटरला सुमारे १०० मिली. चारशे पन्नासवरून शंभर.

मामा भेटायला आले होते. स्वतः काठी काढून बघितली आणि म्हणाले, "तीन आठवड्यांत काळं पडलं. पातळच ते, जळलं." ऑइलमधलं डिटर्जंट जुना थर धुऊन स्वतःत धरून ठेवतं म्हणून ते काळं दिसतं, फिल्टरने न अडणारा बारीक कण त्यात तरंगत राहतो, हे सांगितलं. काळं न पडणारं ऑइल या इंजिनात घाण तशीच ठेवतंय असा अर्थ झाला असता. मामांनी "हं" म्हटलं. त्यांच्या "हं" चे बरेच अर्थ असतात.

३० मार्च, १,००,१६० किमी

लाख पूर्ण. लांबचा प्रवास, चार माणसं, सामान, घाट, कडक ऊन. मनात धाकधूक होती, अशा वेळी ३० ग्रेड अपुरं पडेल का? ५डब्ल्यू-४० चा विचार केला होता: १०० अंशांना जाड, थंडीतला आकडा मात्र तोच. जाड हवंच असेल तर वाढवायचा तो डब्ल्यूनंतरचा आकडा आणि तोही एक पायरी, डब्ल्यूआधीचा नव्हे. पण दाबाचा दिवा लागला नाही, गरम इंजिन आयडलला खडखडलं नाही. मॅन्युअलवरच राहतो.

१८ मे, १,०२,५०० किमी

ठरल्याप्रमाणे पाच हजारांवर बदललं. फिल्टर कापला, थोडा काळा चिकटा, चुरा नाही. खप हजाराला शंभरच्या आसपास स्थिर. टॅपेट पॅकिंग कोरडं. पुन्हा तेच ५डब्ल्यू-३०, एसपी. यापुढे दहा हजार किंवा वर्ष. गाडी आता रोज पाच किलोमीटरच जाणार आहे, तेव्हा वर्षच आधी भरेल. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये साठत जातं. त्यामुळे सहा महिन्यांनी झाकण उघडून आत पांढरट फेस आहे का ते बघायचं.

संध्याकाळी मामांना फोन केला, सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "डिकीतला माझा डबा अजून आहे ना? त्यात निम्मं तरी उरलं असेल."

आहे म्हटलं.

"मग घेऊन ये येताना. फाटकाच्या बिजागऱ्या फार कुरकुरतायत."